विटांच्या वाकड्या रेघा

आमच्या घराला पुढची खोली अशी नव्हतीच. लोकांकडे जिथं पाहुणे बसतात तिथं आमच्याकडे बिघडलेले टीव्ही बसायचे. कुंभकोणमला पितळी भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीला लागून आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. रस्त्याकडच्या खोलीत अप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मध्ये आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा, आणि पडद्याआड अप्पा, आई आणि मी असा तिघांचा संसार. सकाळी सातला गल्लीत हातोडे सुरू व्हायचे ते दुपारच्या जेवणालाच थांबायचे. त्यात अप्पांचा नियम असा, की दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी दोन तास सुरू ठेवायचा. तीन रेडिओ असले तर तिन्ही. आई म्हणायची, या घरातले देव कानात बोळे घालून बसलेत, त्यांना आणखी आरतीचा त्रास कशाला. वासाचंही तसंच. तारा जोडायला डाग देताना जळणारी राळ आणि आईची कॉफी हे दोन वास एकमेकांत इतके मुरले होते, की आजही एक आला की मी दुसरा शोधते. पिठल्याला तुमच्या राळेचा वास लागतो म्हणून आई कुरकुरली, की अप्पा शांतपणे म्हणायचे, मग हिंग कमी घालत जा.

घरात आमची मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. ही आमची मराठी ऐकून पुण्याची माझी मामेबहीण पोट धरून हसते. म्हणते, तुम्ही लोक तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांमागून तंजावराकडे निघालात ते बोलणंही तसंच बांधून घेऊन गेलात, गाठोडं कधी सोडलंच नाही. हे लिहिलेलं तीच सरळ करून देणार आहे. भाषा काय हवी ती सरळ कर, पण मी वाकडी वागले ते वाकडंच राहू दे, असं तिला मी बजावून ठेवलंय. पन्नाशी उलटली माझी, आता चांगलं दिसण्याची हौस उरलेली नाही.

अप्पांच्या डोळ्यांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून नावालाच होता. बघणाऱ्याला धडधाकट वाटायचा, पण त्यातून त्यांना नुसते धुरकट आकार दिसत. सगळा भार उजव्यावर, आणि त्या उजव्यालाही बाटलीच्या बुडासारखी जाड काच. तरी गावात लोक म्हणत, राव सारांचा, म्हणजे अप्पांचा, एक डोळा जे पकडतो ते बाकीच्या मेकॅनिकांना दोन-दोन डोळ्यांनी सापडत नाही. घड्याळजी वापरतात तसलं भिंग उजव्या डोळ्यात खोचून ते बसले की केसाएवढी तुटलेली तार त्यांना दिसायची. पण त्या एकट्या डोळ्यावर विसंबून त्यांनी कधी काम केलं नाही. त्यांची एक रीत होती. मशीन उघडण्याआधी आणि दुरुस्त झाल्यावर, दोन्ही वेळा, जवळ जो कुणी असेल त्याला पडद्यासमोर उभं करायचं आणि विचारायचं, तुला काय दिसतं ते सांग. आपल्याला काय दिसतंय ते आधी बोलायचं नाही. समोरच्याचं आणि आपलं जुळलं तरच पेचकस उचलायचा. मला एकच डोळा आहे, दुसरा उसना घ्यावा लागतो, असं ते हसून सांगत.

तो उसना डोळा बहुतेक वेळा मी असायचे. सात वर्षांची असल्यापासून शाळेचं दप्तर टाकलं की मी दुकानात. माणसांची डोकी लांबट झालीत, निळा रंग कमी आहे, खाली पांढरी पट्टी हलते, असं मी ठासून सांगायचे आणि अप्पा मान डोलवायचे. माझ्या शब्दावर मोठ्या माणसांची मशिनं उघडली जायची. केवढा तोरा होता मला त्याचा. वर्गातल्या मुलींना मी सांगत असे, आमच्या अप्पांचं माझ्यावाचून चालत नाही. आई म्हणायची, डोक्यावर चढवून ठेवलीय कार्टीला, उद्या सासरी जाऊन काय टीव्हीच्या पट्ट्या मोजणार आहे.

मी नववीत होते त्या वर्षीच्या नवरात्रात तिरुप्पनंदाळचे सेल्वम म्हणून एक गिऱ्हाईक आले. जहाजावर नोकरीला असायचे, वर्षातून एकदा घरी. त्यांनी मुलासाठी परदेशातून टीव्ही गेम आणला होता. आज माझ्या दुकानात लोक असली यंत्रं जुनं सोनं म्हणून मिरवत आणतात, तेव्हा आमच्या गल्लीत ते कुणी पाहिलेलंही नव्हतं. करड्या रंगाचं डबडं, त्याला वायरीनं जोडलेले दोन बटणांचे हात, आणि डबड्याच्या वरच्या फटीत उभी खोचायची एक कॅसेट. कॅसेटच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग, दातांसारखी. खेळ म्हणजे निळ्या आभाळाखाली लाल विटांची उंच भिंत आणि तीवर चढणारा हिरवा बेडूक. डबड्याला वीज देणारी वायर आत तुटली होती. अप्पांनी अर्ध्या तासात डाग देऊन जोडली, मला पडद्यासमोर उभं केलं, मी सांगितलं ते त्यांच्याशी जुळलं. सेल्वम सासुरवाडीला निघाले होते. दिवाळीच्या दोन दिवस आधी येऊन घेऊन जातो म्हणाले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या लोकांच्या आयुधपूजेला, आमच्याकडे हत्यारांना गंध-कुंकू लावायचं. ते काम माझं. आई सहाणेवर चंदन उगाळून वाटीभर ओलं गंध करून द्यायची. पेचकस, पकडी, मीटर, डाग द्यायची इस्त्री, सगळे टीव्ही, सगळे रेडिओ. गिऱ्हाइकाच्या वस्तूही सोडायच्या नाहीत. आपल्या छपराखाली आलं ते आज आपलं, असं अप्पा म्हणत. मी एकेकाच्या कपाळावर तीन बोटं गंध ओढत आणि मध्ये कुंकवाचा ठिपका देत कॅसेटपाशी आले आणि अडले. हिचं कपाळ कुठलं? चित्राची बाजू म्हणजे अंगातला कपडा, तिथं गंध लावून काय उपयोग. मग खाली ते सोनेरी दात दिसले. दात तिथं तोंड, एवढी अक्कल मी चालवली, आणि दातांवरून भरघोस तीन बोटं ओढली. डबड्याचं तोंड म्हणजे अर्थातच वरची फट. तिच्या ओठावर लावलेलं गंध जरा पातळ होतं, ते आत ओघळलं. मी बघितलं आणि मला वाटलं, बरं झालं, पोटात गेलं. मग चुरमुरे, गूळ, हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, म्हणून कुणी कशाला हात लावला नाही. दसऱ्याच्या सकाळी ओल्या फडक्यानं सगळ्यांची तोंडं पुसायची, तेही काम माझंच. कॅसेटचे दात मी चांगले घासून पुसले. फटीत बोट जात नव्हतं, ती तशीच राहिली.

दसऱ्याला मुहूर्तावर पहिलं मशीन लावायचं ते हमखास चालणारं, म्हणून अप्पांनी टीव्ही गेमच निवडला. आई कॉफी घेऊन पडद्यात उभी. पडदा उजळला आणि आभाळभर अक्षरं आणि आकडे सांडले. विटांचे तुकडे भलतीकडे तरंगत होते. बेडकाचं डोकं एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्यात. अप्पांनी विचारलं, तुला काय दिसतं. मी सांगितलं. जुळलं. आईनं पेला खाली ठेवला आणि आत गेली. दसऱ्याच्या मुहूर्तावर असं होणं तिला अपशकुनासारखं लागलं होतं, हे तिच्या पाठीवरूनच कळलं.

अप्पांनी दोष स्वतःच्या माथी घेतला. माझाच डाग कच्चा राहिला, म्हणाले. तीन दिवस ते त्या डबड्यामागे होते. सगळे डाग पुन्हा दिले, मीटर लावून वीज मोजली, दुसऱ्या टीव्हीला जोडून पाहिलं. कॅसेटचे दात स्पिरिटनं पुसले. दातांचं नाव निघालं तेव्हा मी खाली मान घालून पेचकस पुसायला लागले. चोराच्या मनात चांदणं. मग त्यांनी भिंग लावून फटीत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आत स्वच्छ आहे. मला हायसं वाटलं, पण पटलं नाही.

चौथ्या दिवशी ते सुटे भाग आणायला सकाळच्या गाडीनं तंजावरला गेले. आई तुळशीपाशी डाळ वाळत घालत होती. मी टॉर्च घेतला आणि फटीत पाहिलं. दोन्ही बाजूंच्या पिनांमध्ये पिवळे खडे वाळून बसले होते, एके ठिकाणी कुंकवाचा लाल कण. मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं ते अप्पांना भिंगातून दिसलं नव्हतं. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण मला माझीच पडली होती. एक पोस्टकार्ड घडी करून त्याला मलमलीची चिंधी गुंडाळली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि फटीतून फिरवत राहिले. पाचव्या-सहाव्या वेळेला चिंधी पांढरी निघाली. कॅसेट खोचून टीव्ही लावला. आभाळ निळं, भिंत लाल, बेडूक अख्खा.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? माराची भीती नव्हती, अप्पांनी मला कधी बोटही लावलं नाही. भीती निराळीच होती. ज्या मुलीनं मशीन बिघडवलं तिला ते उद्यापासून पडद्यासमोर उभं करणार नाहीत, दुसऱ्या कुणाला हाक मारतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, चालू झालंय ना, अप्पांना वाटेल त्यांच्याच डागानं झालं. झाकली मूठ.

अप्पा दुपारी आले, हातपाय धुतले आणि मशीन लावलं. खूप वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, तुला काय दिसतं. मी उत्साहानं सांगितलं, सगळं ठीक झालंय, बेडूक पण अख्खा दिसतो. मग त्यांनी जे केलं ते आजवर कधी केलं नव्हतं. आपल्याला काय दिसतं ते आधी सांगितलं.

"विटांच्या रेघा बघ. उजवीकडे खाली वाकल्यात. नीट बघ, सरो."

मी पाहिलं. पट्टीनं आखाव्यात तशा सरळ होत्या. पण माझं मन काय म्हणालं ते सांगते. मन म्हणालं, गंधाचा एखादा कण आत राहिला असणार, तो अप्पांच्या डोळ्याला दिसतोय, तुझ्या नाही. आणि नाही म्हणालीस तर दोघांचं जुळायचं नाही, मग ते विचारत सुटतील, हे कधी सुधारलं, कुणी हात लावला. दोन्ही गोष्टी एकदम मनात आल्या, आधी कुठली आली ते मला आजही ठरवता येत नाही.

"होय अप्पा," मी म्हटलं, "थोड्या वाकड्या आहेत."

त्यांनी मान डोलवली आणि पेचकस उचलला. पुढचे बारा-तेरा दिवस आमच्या घरात त्या न वाकलेल्या रेघा सरळ करण्याचं काम चाललं. टीव्हीच्या काचेवर चढलेलं चुंबकत्व उतरवायची तारेची मोठी कडी असते, ती फिरवून झाली. तीन टीव्ही बदलले. तिन्हीवर वाकडं, म्हणजे दोष डबड्यातच, असा निकाल. आतले भाग बदलले. प्रत्येक वेळी ते विचारत, आता? आणि मी म्हणायचे, कमी झालं अप्पा. एकदा धीर करून म्हटलं, आता अगदी सरळ झालंय. ते म्हणाले, दमलीस तू, जा, आईला मदत कर. तेवढ्यानंही मला रडू आलं होतं. त्या रात्री दह्यातली डांगर पचडी मी ताटात तशीच ठेवली, आणि आईला वाटलं मीठ जास्त झालंय.

रेघा फक्त पडद्यावरच वाकत नव्हत्या. एकदा अप्पा घरमालकाकडे जाऊन दाराची चौकट दबलीय म्हणून सांगून आले. घरमालक ओळंबा घेऊन आला आणि डोकं खाजवत परत गेला. दारातली रांगोळी वाकडी काढलीस म्हणाले, तेव्हा आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. डोळ्यात ठिणग्या उडतात, पण त्या काय, डाग देणाऱ्याच्या डोळ्यात उडायच्याच, असंही एकदा म्हणाले. शेवटी आई म्हणाली, मशीन राहू द्या, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चष्मा बदला. मी तिथंच चिंचेचे चिंचोके काढत बसले होते. अप्पा म्हणाले, चष्म्याचा काय दोष, सरोलाही दिसतंय की.

ते वाक्य ऐकलं आणि माझे हात थांबले. म्हणजे मला कळलं होतं का? आता पन्नाशीनंतर स्वतःशी भांडून मी एवढं कबूल करते, की काहीतरी चुकतंय हे त्या क्षणी कळलं होतं. डोळा जातोय हे नाही कळलं, चौदा वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं. पण माझ्या एका शब्दावर ते डॉक्टरकडे जायचे थांबलेत, हे कळलं होतं. आणि मी पुन्हा चिंचोके काढायला लागले. हे वाक्य मामेबहिणीनं गाळलं तर मी तिच्याशी जन्मभर बोलणार नाही.

सेल्वम ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या दोन दिवस आधी आले. अप्पांनी त्यांना बसवलं आणि आधीच माफी मागितली, की काम मनासारखं झालं नाही, उजवीकडे खाली रेघा वाकतात आणि दोन दिवसांपासून खालचा भाग काळाच दिसतोय, टीव्हीची नळीही गेली असावी. मशीन लावलं. सेल्वम बटणांचा हात घेऊन बेडूक वर चढवू लागले आणि म्हणाले, राव सार, फर्स्ट क्लास आहे. अप्पांना वाटलं गृहस्थ भिडेखातर बोलतोय. त्यांनी बोटानं दाखवलं, हे बघा, इथं काळं. सेल्वम हसायचे थांबले. त्यांनी अप्पांच्या बोटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग आत बघून आईला हाक मारली. आई हात पुसत आली. रेघा सरळ आहेत आणि कुठंही काळं नाही, असं तिनंही सांगितलं.

अप्पांनी चष्मा काढला. उजवा डोळा तळव्यानं झाकला, पडद्याकडे पाहिलं. मग डावा झाकला, उजव्यानं पाहिलं. असं दोनदा केलं. त्यांचा चेहरा मी पाहत होते, आणि माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नाही, ना आधी ना नंतर. ते माझ्याकडे वळले.

"सरो, तुला दिसत होत्या ना?"

मला मान हलवता आली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. अप्पा सेल्वमना म्हणाले, घेऊन जा, मशीन चांगलं आहे, आणि कामाच्या स्टुलावर बसून राहिले.

तंजावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशीच्या गाडीनं मद्रासला पाठवलं. मद्रासच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई समजुतीच्या होत्या. कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं, की ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो तसा डोळ्याच्या आतला पडदा सुटत जातो, जाड चष्मेवाल्यांना हा धोका जास्त. पहिल्या दोन-चार दिवसांत आलं तर पुष्कळदा वाचवता येतो. मग त्यांनी विचारलं, वाकडं दिसायला कधीपासून लागलं. आई अप्पांच्या एका बाजूला बसली होती, मी दुसऱ्या बाजूला. मी बोटांवर दिवस मोजत होते. अप्पा म्हणाले, चार दिवस झाले. बाईंनी पुन्हा डोळ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, चार दिवसांत इतका सुटत नाही सहसा. अप्पा म्हणाले, चारच. आई रांगोळीवरून रुसली होती ती त्याच्या कितीतरी आधी, पण घाबरलेल्या माणसाला दिवसांचा हिशेब राहत नाही, आणि अप्पांचा शब्द तिला पुरे होता. तिनं नशिबाला बोल लावला, दसऱ्याच्या मुहूर्ताला लावला, राळेच्या धुराला लावला. मला कधीच नाही.

ऑपरेशन झालं, पालथं पडून राहण्याचे आठवडे झाले. त्या डोळ्याला उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच कळायचं राहिलं. तेव्हापासून अप्पांचं जग म्हणजे डाव्या डोळ्यातले धुरकट आकार. आई नवस फेडायला तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाकडे गेली, डोळा गेला तरी जीव राहिला म्हणून. त्या विनायकाला पाणी लावायचं नाही, त्याचा अभिषेक करत नाहीत, ही तिथली रीत. गुरुजी कुणाला तरी ते समजावून सांगत होते आणि फटीत ओघळलेलं गंध आठवून मी मागं उभी राहून ढसाढसा रडले. आईला वाटलं, पोर बापासाठी रडतेय. खोटं नव्हतं ते.

शाळेनंतर दुकानात मी बसू लागले, पुढं शाळा संपल्यावर दिवसभर. अप्पा शेजारी स्टुलावर. मी दिसेल ते सांगायचं, त्यांनी ऐकून काय उघडायचं ते सांगायचं, डाग मी द्यायचा. टीव्हीवरून आम्ही मोबाईलवर आलो, त्यांच्या कानांनी आणि माझ्या डोळ्यांनी दुकान पस्तीस वर्षं चाललं. त्यांनी माझा शब्द कधी पडताळला नाही. मला वाटायचं, हा माणूस कुठल्या मातीचा बनलाय. संध्याकाळी आम्ही महामहम तळ्याला एक फेरी मारायचो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, मी म्हणायचे, पुढं मोकळं आहे, आणि ते ताठ मानेनं पाऊल टाकायचे, गल्लीतल्या डोळसांपेक्षा भरभर. कुणी काठीचा विषय काढला तर म्हणत, सरो आहे की. आई सहा वर्षांपूर्वी गेली. अप्पांच्या त्या चार दिवसांवर तिचा शेवटपर्यंत विश्वास होता.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक तसलंच जुनं यंत्र घेऊन आलं. पडद्यावर तसेच तुकडे, तसेच आकडे. अप्पांना मी काय दिसतं ते सांगत होते, आणि सांगता सांगता मला पुढं बोलता येईना. गिऱ्हाईक गेल्यावर दार लोटलं आणि सगळं सांगितलं. गंध, फट, पोस्टकार्ड, स्पिरिट, आणि ते मला सोडून दुसऱ्या कुणाला हाक मारतील ही भीती. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच विचारलं, चिंधी मलमलीची होती का. मी म्हटलं, हो. म्हणाले, बरोबर केलंस. मला वाटलं आता पाठीवरून हात फिरवतील. इतकी वर्षं मी त्या हाताची वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू.

"गंधाचं मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मी आपला समजत होतो, पोरीचा माझ्यावर इतका भरवसा, की मला दिसतं म्हटल्यावर तिलाही नसलेलं दिसलं. डोळा गेला ते मी त्या भरवशाच्या बळावर सोसलं."

मी म्हटलं, तेही होतं अप्पा, शप्पथ तेही होतं. असेल, ते म्हणाले. रागावून नाही, अगदी नेहमीच्या आवाजात. मग त्यांनी कुठला भाग मागवायचा ते सांगितलं आणि आम्ही जेवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. दारात मी नेहमीसारखं म्हटलं, पुढं मोकळं आहे अप्पा. त्यांनी चपलेचं टोक पुढं सरकवून जमीन चाचपली आणि मग पाऊल टाकलं. तळ्याच्या पायऱ्यांपाशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्याच आठवड्यात त्यांनी काठी मागितली. बाजारातून मीच आणून दिली.